यादी तासाभराची, मुक्काम दोन दिवसांचा

प्रिय दादा,

परवा बँकॉकहून परत आलो. बरोबर वहिनी होत्या. अकरा वर्षं दर दोन महिन्यांनी तू कंपनीच्या कामाला त्या शहरात जात होतास आणि त्यांना एकदाही नेलं नाहीस, म्हणून शेवटी आम्हीच जाऊन आलो. काम शुक्रवारी संपायचं, तरी तू रविवारच्या विमानाने यायचास. मधले दोन दिवस तू तिथे काय करायचास, हे वहिनींना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तू गेल्यापासून सात महिने त्यांच्या मनात हा एकच प्रश्न होता. तो तिथे कोणी पेरला, ते मला शनिवारी कळलं. वहिनी नागोयाला पोचल्या. मी इथे टोकियोजवळ, ग्योतोकूच्या घरात बॅगेतला कचरा वेगळा करतोय, प्लॅस्टिक एका पिशवीत, पुठ्ठा दुसऱ्या. जे त्यांच्याशी बोलता आलं नाही ते तुला लिहितोय.

आधी तुझ्या शहराबद्दल. मला आवडलं नाही.

शुक्रवारी आम्ही पर्यटक होतो. माणसाला याहून खालची पायरी असेल तर मला ठाऊक नाही. राजवाड्याच्या कोपऱ्यावर एका इस्त्रीच्या शर्टवाल्या सद्गृहस्थांनी अडवलं. छातीवर बिल्ला होता. म्हणाले, आज राजवाडा बंद आहे, तोवर रत्नांचा कारखाना बघून या, रिक्षा मी ठरवून देतो. मी चौदा वर्षं जपानमध्ये राहिलेला माणूस. गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर स्टेशनवर छापील दाखला मिळतो अशा देशाची सवय. बिल्ला दिसला की माझी बुद्धी रजेवर जाते. मी रिक्षात एक पाय ठेवलासुद्धा.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या, "बंद आहे तर मग ते दोनशे लोक काय भिंतीतून आत जातायत?"

आत उघड्या पोटऱ्यांना मनाई. त्यामुळे जगभरचे पुरुष दारातच हत्तींच्या चित्रांच्या विजारी विकत घेतात आणि आत शिरतात. जर्मन हत्ती, कोरियन हत्ती, आपले नाशिकचे हत्ती. जपानी मंडळी झेंड्यामागून दोन-दोनच्या रांगेत, तोंडातून आवाज नाही. आपली मंडळी देवाकडे पाठ करून उभी, कारण फोटोत देव मागे यायला हवा. भिंतींवर सोनं इतकं, की लग्नात दागिन्यांनी मढलेल्या मामीकडे बघावं तसं होतं. कुठे बघायचं तेच समजत नाही. पलीकडे तो निजलेला भव्य बुद्ध. एवढ्या गर्दीत डोळे मिटून पडलाय म्हणजे खरंच ज्ञानी असणार.

वहिनी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होत्या. "हे त्यांनी बघितलं असेल ना?"

"असणारच," मी म्हणायचो. मला काय माहीत?

नदीच्या धक्क्यावर एक बाई मोगऱ्याचे गजरे विकत होती. चाळिशीची, देखणी. वहिनी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. गजरा घेतला नाही. मी बोटींचं वेळापत्रक वाचण्याचं नाटक केलं. ते थाई लिपीत होतं.

दुपारी एका सात मजली मॉलमध्ये गेलो. जे टोकियोच्या शिबुयात मिळतं तेच सगळं, फक्त गारठा जास्त. तिथे लोक खरेदी करतात म्हणे. मला तर ते थंडीत कुडकुडायला आलेले दिसले.

शनिवारी सोमचाय आला. तुझा ड्रायव्हर. वहिनींनी तुझ्या फोनमधून त्याचा नंबर काढला होता, हेही मला तेव्हाच कळलं. त्याचं इंग्रजी आपल्या जपानीइतकंच, म्हणजे शब्द थोडे आणि हसू भरपूर. गाडीत बसल्याबरोबर वहिनी म्हणाल्या, "सरांना शनिवारी जिथे न्यायचात, तिथेच आम्हाला न्या. त्याच क्रमाने. एकही जागा गाळू नका."

सोमचाय मोठ्यांदा हसला. खरं सांगतो दादा, त्या क्षणी मीसुद्धा तुझ्याबद्दल वाईटच कल्पना केली.

पहिला थांबा पाहुरात, तिथला भारतीय कापडबाजार. गल्ली अशी की दोन ढेऱ्या समोरासमोर आल्या तर एकीने माघार घ्यावी. एका सरदारजी शिंप्याच्या दुकानासमोर सोमचायने बोट दाखवलं. तुझं नाव घेताच म्हातारा उठून उभा राहिला. तू गेल्याचं कळलं तेव्हा तसाच खाली बसला. मग त्याने मापांची वही काढली.

दादा, अख्खं नागोयाचं मराठी मंडळ त्या वहीत आहे. पाटणकर, कंबर चौतीस. दोन पानांनंतर सदतीस. शेवटच्या पानावर बेचाळीस, आणि शेजारी तुझ्या अक्षरात 'सैल ठेवा, पण सैल दिसू नये'. देशपांडेबाईंचे ब्लाउज चौदा. त्यातला एक निळा तीन वेळा परत, कारण आधीच्या निळ्यापेक्षा हलका. परदेशातल्या मराठी माणसाच्या उत्कर्षाचा याहून प्रामाणिक आलेख कुठल्याच स्मरणिकेत छापून आलेला नाही.

"आणि ह्यांचं माप?" वहिनींनी विचारलं.

सरदारजी हिंदीत म्हणाला, "साहेबांनी स्वतःसाठी कधीच काही शिवलं नाही. म्हणायचे, आज वेळ नाही, अजून डबे राहिलेत."

डबे दुसऱ्या गल्लीत होते, तासाभराच्या वाहतुकीपलीकडे. स्टीलचे, आतून कडा नसलेले, कारण जोशीबाईंना कडेत पीठ अडकलेलं चालत नाही. मग बामाच्या बाटल्या. हिरव्या झाकणाच्याच, कारण पिवळ्या झाकणाचा बाम 'तसा लागत नाही'. मग आठवडी बाजार, पत्र्याखाली हजारो दुकानं, त्यात वेलणकरांच्या रुंद पावलाच्या चपलांचं एक. ते शोधायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि सोमचायला रस्ता माहीत होता. मग चिंच. मग वेताची परडी, झाकणाची, गौरीसाठी. दुपारी चार वाजता माझे पाय संपले आणि तुझी अर्धी यादी उरली होती. ही माणसं तुझ्याकडे नम्रपणे यायची ना? "दादा, जाताच आहात तर..." जाताच आहात! जसं काही विमान तुला चपलांच्या दुकानासमोर उतरवणार होतं.

तू 'नाही' का म्हणाला नाहीस? 'नाही' जपानी माणसालाही म्हणता येत नाही. पण तो निदान दातांतून हवा आत ओढतो आणि 'जरा अवघड आहे' म्हणतो. एवढ्या वर्षांत तेवढीही हवा तुला ओढता आली नाही? तू यादी घडी करून खिशात ठेवायचास आणि वर विचारायचास, "अजून कोणाला काही?"

आता माझं ऐक.

सहा वर्षांपूर्वीचा तुमच्या मंडळाचा गणपती. मी खास ग्योतोकूहून पाहुणा कलाकार. दहा मिनिटांचं एकपात्री, 'बँकॉक रिटर्न'. तुला आठवत असेलच, तू डोळे पुसत हसला होतास. त्यातलं एक वाक्य मंडळात अजून चालतं. 'यादी तासाभराची, मुक्काम दोन दिवसांचा. उरलेल्या वेळात साहेब स्थळदर्शन करतात. स्थळाचं नाव विचारायचं नाही.' पाटणकर खुर्चीतून पडायचे राहिले होते. तू शिवून आणलेली पँट घालून. नंतर प्रत्येक वेळी तू विमानतळावर निघालास की कोणीतरी डोळा मारायचं. तिथे असलो की मीही मारायचो. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

परतीच्या वाटेवर गाडी पुलावर अडकली. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमच्या त्या कार्यक्रमानंतर ह्यांनी तिथून फोटो पाठवायला सुरुवात केली. दर तासाला एक. हातात डबे घेऊन. हातात चपला घेऊन. आधी कधी पाठवत नव्हते."

मी पुढच्या गाडीच्या नंबरातले आकडे वाचू लागलो.

"मला वाटलं, ज्याला लपवायचं काही नाही तो डब्यांचे फोटो कशाला पाठवेल? आणि भाऊजी, फोटोत ते स्वतः आहेत. मग काढतंय कोण? सहा वर्षं मी तेवढंच बघत होते. काचेत कोणाची सावली दिसते का. साडीचा पदर, बांगडी, काही."

सोमचायला मराठी येत नाही, पण 'फोटो' हा शब्द कळला. लाल दिव्यापाशी त्याने आपला फोन मागे दिला. "मी काढले," तो म्हणाला. "सर म्हणायचे, काढ, मॅडमला आवडतं." मग म्हणाला, "मी दर वेळी सांगायचो, सर, राजवाडा बघा, जवळच आहे. सर म्हणायचे, मॅडमबरोबर बघीन. यादी नसेल तेव्हा आणीन. आत्ता आणलं तर तीही पिशव्या उचलेल."

वहिनींनी फोन मांडीवर ठेवला. पूल ओलांडेपर्यंत त्या एकेक फोटो सरकवत होत्या. सगळ्यांत तू हसतोयस, घामाने शर्ट चिकटलाय, आणि दोन्ही हात भरलेले. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी ह्यांना एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं. विचारायची लाज वाटली. सगळे हसत होते ना."

दादा, अकरा वर्षं तू त्या शहराच्या मधोमध राहून त्यातलं काहीही पाहिलं नाहीस, आणि तुझी बायको सहा वर्षं काचेतल्या सावल्या तपासत राहिली. पहिलं लोकांच्या याद्यांपायी, दुसरं माझ्या दहा मिनिटांच्या टाळ्यांपायी. पाटणकर-देशपांडे मंडळींवर दातओठ खाणं मला सोपं जातं, वर मी पानभर तेच केलं. पण त्यांनी फक्त चपला मागितल्या होत्या. वाक्य माझं होतं.

रविवारी विमानतळावर पाटणकरांचाच फोन आला. तुझी स्मरणसभा येत्या रविवारी, त्याच हॉलमध्ये. "तुम्ही बोला हं," म्हणाले, "पण हलकंफुलकं ठेवा. दादांना हसायला आवडायचं." मग जरा थांबून, "आणि बँकॉकमध्येच आहात तर तो हिरव्या झाकणाचा बाम..."

मी दातांतून हवा आत ओढली आणि जरा अवघड आहे म्हटलं.

वहिनींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांना मी विचारलं, काय बोलू? त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, चेन लावली. "जे झालं ते सांगा. तुम्ही काय म्हणाला होतात ते, आणि हे कुठे होते ते. पण भाऊजी, एक जरी हशा आला ना, तर मी उठून जाईन. तुम्हाला हसवल्याशिवाय बोलता येतं का, तेवढं आधी बघा."

बघतोय. कालपासून आरशासमोर उभा राहून बघतोय. प्रत्येक तिसऱ्या वाक्याला जीभ वळते, कंबर बेचाळीस म्हणावंसं वाटतं. सभेत ते म्हणणार नाही. वही सरदारजीकडेच राहू दे.

रविवारी मी उभा राहीन आणि सांगेन की ते वाक्य मी लिहिलं, मला काहीही माहीत नसताना लिहिलं, आणि ते खोटं होतं. मग तू तिथल्या प्रत्येक शनिवारी सकाळी नऊपासून कुठे होतास ते एकेक गल्ली करून सांगेन. वहिनी उठून जाणार नाहीत असं बोलेन. हे वचन आहे, दादा, आणि मी आजवर दिलेल्या वचनांत हे एकच असं आहे की मला त्याची भीती वाटते.

तुझा,
शिरीष