सोमवारचा भोंगा

प्रिय सुमैयास,

रोह्याहून अर्शदचा सलाम. म्हसळ्याला सगळी खुशाल ना? इनायाचा खोकला गेला का?

मी बरा हाय. फोन केला नाय, कारण आवाजावरून तू लगेच ओळखलं असतंस.

आज रजा टाकून कंपनीमागची ती खोली बघायला गेलो. गेटपासून पाच मिनिटं, नळाला दिवसभर पाणी, खिडकीत तुझ्या कुंड्यांना जागा. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. गॅस सुटला तर वाजतो, तो.

शेजारची पोरगी ओट्यावर भात खात होती. आपल्या इनायाएवढीच, चार वर्षांची. ताट सोडून तिनं फडकं बादलीत बुचकळलं, धाकट्या भावाच्या नाकावर दाबलं आणि टाकीवरचा वाऱ्याचा झेंडा कुठल्या बाजूला उडतोय ते बघितलं. रडली नाय, कुणाला हाक मारली नाय.

घरमालकीण हसली. "आज सोमवार हाय गो, चाचणीचा भोंगा!" पोरगी परत भात खायला बसली.

खोली नको म्हणून सांगितलं. आता पेणला रामवाडीत बघतो. रोज गाडीनं येईन-जाईन. अम्मीला सांग, रोह्याची खोली अंधारी होती.

सुमैया, गेले सात महिने दर सोमवारी ते बटण मीच दाबतो. आज रजेवर होतो म्हणून दुसऱ्यानं दाबलं. दाबून झालं की मी वहीत 'भोंगा ठीक' असं लिहितो नि चहाला जातो.

इनायाला जवळ घे.

तुझा,
अर्शद