जोहर ते असर : वाचन

१ सप्टेंबर, सकाळ
घरची शाळा आजपासून सुरू. विद्यार्थी दोन: थोरली, वय सात, आणि धाकटा, वय पाच. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई मी. बायको हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर असते, तिच्या शिफ्ट बदलतात, म्हणून तिला पालक प्रतिनिधी नेमलं आहे. मी घरी बसून लिफ्टचे नकाशे काढतो. एक डोळा नकाशावर, एक मुलांवर. लोक उगाच बाऊ करतात.

तत्त्व एकच. दीन म्हणजे धर्म आणि दुनिया, दोन्ही एकाच टेबलावर. बाहेरच्या शाळेत मुलांची मेंढरं होतात.

बायकोशी ठरलेलं लिहून ठेवतो. डिसेंबरमध्ये शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई घरी येऊन मुलांना तपासणार. थोरलीला वाचता आलं तर शाळा घरीच. नाही आलं तर जानेवारीपासून दोघं बाहेरच्या शाळेत. बायको म्हणाली, मग रडायचं नाही. मी म्हटलं, मुलं कशाला रडतील? ती म्हणाली, मी मुलांबद्दल बोलत नाहीये.

१ सप्टेंबर, संध्याकाळ
टाइमटेबल तयार. ही कल्पना आजवर कुणाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटतं. आमचे तास नमाजेच्या वेळांवर: पहाटे फजर, दुपारी जोहर, दुपार कलली की असर, सूर्यास्ताला मगरिब, रात्री इशा. फजर ते नाश्ता कुराणातल्या सूरह पाठ करणं. नाश्ता ते जोहर गणित. जोहर ते असर वाचन, हा सगळ्यात लांब तास, कारण सगळं वाचनावर अवलंबून. असर ते मगरिब विज्ञान, म्हणजे सायकल. मगरिब ते इशा गोष्टी. नमाजही चुकत नाही, अभ्यासही चुकत नाही. वेळांसकट मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट करून आणलं. भिंतीवर लावल्यावर खोलीला जरा वजन आलं.

४ सप्टेंबर
फजरला मी एकटाच उठलो. सूरहचा तास नाश्त्यानंतर घेतला. गणित त्यामुळे झालं नाही. तात्पुरती व्यवस्था.

९ सप्टेंबर
धाकटा गणिताला टेबलाखाली बसतो. तिथूनही ऐकू येतं असं त्याचं म्हणणं. जबरदस्ती करायची नाही हे आमचं धोरण, म्हणून मीच खाली जाऊन बसलो. तेवढ्यात ऑफिसातून साहेबांचा फोन. आवाज असा का येतोय म्हणाले. साइटवर आहे म्हणून सांगितलं.

२२ सप्टेंबर
थोरलीचे कान म्हणजे अल्लाहची देणगी. सूरह दोनदा ऐकली की पाठ, तिसऱ्यांदा माझीच चूक काढते. अक्षरांचं मात्र अजून जमत नाही. एक अक्षर ओळखेपर्यंत तिला तहान लागते, शू लागते आणि शेवटी झोप येते.

दोष पद्धतीचा आहे. उद्यापासून नवी पद्धत. मांजराच्या पिल्लाच्या गोष्टीचं पुस्तक घ्यायचं, मी पान वाचायचं, तिने माझ्यामागून म्हणायचं. सूरह अशीच येते, तर मांजर का येणार नाही?

६ ऑक्टोबर
एक किरकोळ बाब. दिवस लहान होत चालले आहेत. जोहर अलीकडे सरकते, असर त्याहून जास्त सरकते, आणि लॅमिनेट केलेलं टाइमटेबल जागच्या जागी. ऋतू बदलला की वेळा सरकतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, जन्मभर नमाज पढतोय. पण लॅमिनेशनच्या उत्साहात डोक्यातून गेलं. स्केच पेनने दुरुस्ती करायला गेलो तर प्लास्टिकवर शाई टिकेना. धाकट्याने बोटाने सगळी पुसून काढली आणि तेच बोट भिंतीला पुसलं.

१९ ऑक्टोबर
मुलांचे मामू आले होते. शाळेत शिक्षक आहेत, म्हणजे शत्रुपक्ष. टाइमटेबलकडे बघून म्हणाले, दुलाभाई, तुमची शाळा सूर्याच्या मागे पळतेय की काय? मी हसून सोडून दिलं. मग त्यांनी थोरलीला खोकल्याच्या औषधाची बाटली दाखवून विचारलं, यावर काय लिहिलंय? ती म्हणाली, कडू. मामू माझ्याकडे बघायला लागले. उत्तर चुकीचं आहे असं कुणी म्हणून दाखवावं.

२ नोव्हेंबर
मोठी प्रगती! थोरलीने आज मांजराच्या पुस्तकाची पहिली सहा पानं न अडखळता वाचली, आवाजातल्या चढउतारांसकट. वाचताना ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे किती आत्मविश्वास आला आहे बघा. बायकोला फोन करून ऐकवलं. तिने नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. काउंटरवर गर्दी असावी.

११ नोव्हेंबर
थोरलीला खोकला झालेला दिसतो. सातव्या पानावर खोकते. मध दिला. बाकी दिवसभर ठणठणीत असते, हे विचित्र.

१३ नोव्हेंबर
परत सातव्याच पानावर खोकली. त्या पानाला धूळ बसली असेल. फडक्याने पुसलं.

२४ नोव्हेंबर
जोहर ते असर या वेळात आता जेवण, भांडी, धाकट्याला झोपवणं आणि साहेबांचा फोन येतो. उरलेल्या वेळात वाचन. म्हणजे एक पान, तेही हात पुसता पुसता. सगळ्यात लांब तास आता इशा ते फजर हा झाला आहे. त्या तासाचा विषय झोप. त्यात दोन्ही मुलं हुशार आहेत.

बायकोने काल विचारलं, तिला दुसरं एखादं पुस्तक देऊन बघितलं का? मी म्हटलं, एक धड झाल्याशिवाय दुसरं नाही, सखोल अभ्यास महत्त्वाचा. ती म्हणाली, "मला भीती वाटतेय. तुम्हाला नाही वाटत?" मी नाही म्हटलं. वाटते थोडी. पण हे कुणाला सांगायचं नाही.

१० डिसेंबर, सकाळ
आज अधिकारी बाई येणार. धाकट्याला बजावलं की टेबलाच्या वर बसायचं. पडदे धुतले. टाइमटेबल उतरवून कपाटामागे ठेवलं. थोरलीने मांजराचं पूर्ण पुस्तक सकाळी मला ऐकवलं. दात घासताना.

१० डिसेंबर, दुपार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बाई अगदी सौम्य. पायातले बूट दाराशी काढून आल्या, धाकट्याशी टेबलाखाली जाऊन बोलल्या. मग थोरलीला म्हणाल्या, तुझ्या आवडीचं पुस्तक वाचून दाखव. तिने सुरुवात केली. काय ते वाचन! मी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. ती खाली बघत होती. सातव्या पानावर थोरली खोकली. बाईंनी तिच्यासाठी पाणी मागितलं. तेव्हा धाकटा टेबलाखालून म्हणाला, "तिला पाणी नको. तो खोकला अब्बांचा आहे."

ऑक्टोबरात मला सर्दी-खोकला होता. ते पान मी खोकत वाचून दाखवलं होतं. पोरीने खोकल्यासकट पाठ केलं.

बाईंनी पानावर तळहात ठेवला. थोरली पुढे म्हणतच राहिली. मग त्यांनी पुस्तक मधेच उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. थोरली माझ्याकडे बघायला लागली. नमाज पढवताना इमाम अडखळला की मागच्या रांगेतून कुणीतरी पुढचा शब्द सांगतं, तसा मी ओळीचा पहिला शब्द पुटपुटलो. तिने लगेच सगळं पान म्हणून टाकलं. बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा स्वयंपाकघरात थांबता का? मी थांबलो. सिंक घासला.

मुलं हुशार आहेत, प्रेमळ आहेत, मुलीची स्मरणशक्ती अपूर्व आहे, असं बाई म्हणाल्या. जानेवारीत दोघांना शाळेत घाला, असंही म्हणाल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि ठेवला नाही.

१० डिसेंबर, मगरिबनंतर
थोरलीला जवळ घेऊन विचारलं, वाचता येत नाही हे तुला माहीत होतं का? तिने हो म्हणून मान डोलावली. मग आधी का नाही सांगितलंस?

"तुम्ही खूश होत होतात ना, म्हणून."

सात वर्षांची पोर तीन महिने माझी समजूत काढत होती आणि मी त्याला प्रगती म्हणत होतो.

८ जानेवारी
दोघं शाळेत गेली. धाकटा फाटकाशी गोंधळ घालणार म्हणून मी रजा काढली होती. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. बायको ड्यूटीवर जाताना म्हणाली, आपलं ठरलं होतं. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

घरी आलो. जोहर पढलो. फारच शांत आहे घर, नकाशे मात्र भराभर झाले. साहेब खूश. अर्थात मुलांचा पाया मीच घातला, हे शाळेने विसरू नये. मामूंना फोन करून तसं सांगितलं. ते हो म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागले.

१६ फेब्रुवारी
थोरलीने शाळेतून नवं पुस्तक आणलं. मी कधी न पाहिलेलं. सोफ्यावर बसली आणि अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. ऐकवत नव्हतं. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं अक्षर, मग दोन्ही मिळून काहीतरी भलताच शब्द, मग परत पहिल्यापासून. चढउतार नाहीत, गोडवा नाही. नोव्हेंबरात हीच पोर किती सुरेख म्हणायची. तिसरा शब्द मला लांबूनच दिसत होता. मी सोफ्याच्या टोकाला सरकलो आणि तोंड उघडलं.

तिने मान वर न करताच हात पुढे केला आणि माझ्या तोंडावर ठेवला. "अब्बा, सांगू नका. मला येत नाहीये, पण सांगू नका."

तिच्या हाताला पेन्सिलीचा वास होता. मी सांगितलं नाही.