‘आमच्याविषयी’ हे पान

६ जुलै, सकाळ
आजपासून रोजनिशी. यशस्वी लोक लिहितात.
संकल्प : रोज पाचला उठणे. दोन तास कोडिंग, एक तास सोशल मीडिया मार्केटिंग. दिवाळीपर्यंत आईच्या डब्याचं नाव अख्ख्या कराडात.
मी नीलिमा, बी.एस्सी. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिलीच. पप्पा गेल्यापासून घर आईच्या डब्यावर चालतं. कॉलेजची मुलं, बँकेतले लोक, खोल्या घेऊन राहणाऱ्या मुली, सगळे तिला आक्का म्हणतात. दाराबाहेर पाटी आहे, ‘आक्कांचा डबा’. एवढंच. आडनाव नाही, फोन नंबर नाही, लोगो नाही. ब्रँडिंग शून्य!
आईला सांगितलं, वर्षभरात तुझं नाव सगळीकडं करते. ती म्हणाली, नावाचं काय लोणचं घालायचंय? डबा पोचला म्हंजे झालं.

७ जुलै
साडेसातला उठले. काल बटण पानाच्या मधोमध येत नव्हतं, त्यात उशीर झाला. उद्यापासून नक्की.
आजची मोठी बातमी. हंबीरराव दादांचं मुलींचं नवीन वसतिगृह गणपतीनंतर सुरू होतंय. मेस आईलाच देणार म्हणाले. चहा पिता पिता म्हणाले, आक्का, तुमच्या आमटीची वाटी दाखवली तरी पोरी रांगंत उभ्या ऱ्हातील. ते काम मिळालं तर आईला दारोदार डबे पोचवावे लागणार नाहीत. तिचे गुडघे दुखतात. ती भांड्यांच्या दुकानात जाऊन मोठी पातेली बघूनसुद्धा आली. नुसती बघून.
मी ठरवलं, वेबसाईट तोपर्यंत तयार पाहिजे. हंबीररावांनी उघडली की खात्रीच पटेल.

१२ जुलै, सांगली
वेबसाईटच्या क्लासचा पहिला दिवस. कराडहून रेल्वेनं आले. ऋषिराज सर फार हुशार आहेत. म्हणाले, लोक वस्तू घेत नाहीत, गोष्ट घेतात. ‘आमच्याविषयी’ हे पान म्हणजे साईटचं काळीज. खरं लिहा, चेहरा दाखवा, विश्वास आपोआप बसतो.
वहीत तीनदा अधोरेखित केलं. परतीच्या गाडीतच लिहायला घेतलं.

१४ जुलै
पान झालं. इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलं नव्हतं. आईचं पूर्ण नाव, आक्काताई बनसोडे. मग आजोबा. गावच्या पंगतीत त्यांना बाजूला, उकिरड्यापाशी बसवायचे, पत्रावळ आपली आपण आणायची. आणि आज त्यांच्या लेकीच्या हातचं सगळं कॉलेज जेवतं! शेवटी लिहिलं, ‘ही आहे बदलाची चव.’
फोटो आतल्या खोलीत काढला. तिथं बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्याखाली आई, हातात पळी. तसबीर बाहेरच्या खोलीत का लावत नाही असं मी लहानपणी विचारायचे. आई म्हणायची, बाहेर धूर लागतोय. बरोबरच आहे.
आईला पान वाचून दाखवलं. ती बराच वेळ लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, हे कशापायी? लोकास्नी भाजी पायजे. मी तिला प्रामाणिक ब्रँड ही कल्पना समजावली. ती म्हणाली, तू शिकलीयास, तुला कळतंय.
म्हणजे पसंत पडलं.

१७ जुलै
साईट सुरू. त्याच गोष्टीचं रीलही टाकलं. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी बघितलं! नागपूर, नांदेड, थेट दुबईहून जय भीम ताई, अभिमान वाटतो, असे मेसेज. माझा प्रचार नागपूरपर्यंत पोचला. डबा पोचत नाही, एवढीच अडचण.
डबेवाल्या सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. सगळ्यांनी बघितली, निळ्या खुणा आल्या. उत्तर कुणाचं नाही. कामात असतील.

२५ जुलै
श्रावण लागला. काही डबे बंद झाले. श्रावणात होतंच.
आई म्हणाली, गेल्या श्रावणात उलट वाढलं हुतं, मी साबुदाणा करत हुते. मी म्हटलं, दरवर्षीचा डेटा वेगळा असतो.

१ ऑगस्ट
आणखी डबे गेले. बँकेतल्या साहेबांची बायको गावाहून कायमची आली. शेजारच्या टेबलावरच्यांचीही आली. दोन मुलांना डॉक्टरांनी बाहेरचं खाऊ नका म्हणून सांगितलं. एकाच आठवड्यात इतक्या बायका गावाहून येणं हा योगायोगच.
मी मूळ कारण शोधून काढलं. साईट उघडायला वेळ लागतो. फोटो जड आहेत. सगळे हलके करून घेतले. आईचा चेहरा थोडा पुसट झाला, पण वेग वाढला.
संकल्प : पाचला उठणे (पुन्हा).

८ ऑगस्ट
आकडे तपासले. लोक सगळ्यात जास्त वेळ ‘आमच्याविषयी’ याच पानावर थांबतात आणि तिथूनच निघून जातात. म्हणजे गोष्ट त्यांना भिडतेय! फक्त ‘डबा मागवा’ हे बटण फार खाली आहे. वर घेतलं. रंग केशरी केला. मग हिरवा.
आईनं आज कमी पीठ मळलं. मोठा तवा वर माळ्यावर टाकला. मी म्हटलं, राहू दे, लागेल. ती म्हणाली, लागंल तवा काढीन.

१७ ऑगस्ट, सांगली
सरांना साईट दाखवली. त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं. हनुवटी खाजवली. म्हणाले, लिखाण दमदार आहे, पण थोडं जनरल ठेवा. आजोबांचं काढा. पंगतीचं काढा. आडनावाची तशी गरज नाही. आणि फोटोत मागं साधी भिंत घ्या. मी स्वतः काही मानत नाही हं, माझे कितीतरी मित्र तुमच्यातले आहेत.
मी विचारलं, पण खरं लिहा असं तुम्हीच सांगितलं होतं ना? ते म्हणाले, खरं म्हणजे, म्हणजे तसं खरं नव्हे.
लिहून घेतलं : मजकूर फार मोठा झालाय. काढणार मात्र नाही. पंगतीतल्या ज्या पानासाठी आजोबा वाट बघत गेले, ते वेगासाठी काढायचं?
वर्गासाठी आईनं भरलं वांगं आणि भाकरी दिली होती. सगळ्यांना वाटायला काढली, तर सगळ्यांचा उपवास. रविवारी इतके लोक उपवास धरतात हे मला माहीत नव्हतं. डबा तसाच परत आणला.
आईनं उघडून बघितला. आम्ही दोघी तेच जेवलो.

३० ऑगस्ट
गणपतीची सुट्टी. वसतिगृहं रिकामी, कॉलेज बंद. डबे नसणारच. ही आकडेवारी धरायची नाही.
सुट्टीचा उपयोग करून नवीन मेनू पान शिकले. घसरत येणारे फोटो. एकदम झकास दिसतं. आई म्हणाली, हे फिरतंय कशाला, नीट बघूबी देत न्हाई.

८ सप्टेंबर
साक्षी आली होती. दोन वर्षं आमच्याकडंच जेवते. आजारी पडली तेव्हा आईनं तिला आठवडाभर मऊ भात नेऊन दिला. आज दारातच रडायला लागली. खंडाळ्याला तिच्या वडिलांनी रील बघितलं. म्हणाले, तिथलं बंद कर, नायतर कॉलेज बंद. ती म्हणाली, आक्का, मला काय नाही हो, मला तुमच्याच हातचं आवडतं, पण घरी लय बोलतात.
मी विचारलं, वडिलांच्या मोबाईलवर साईट नीट दिसते का? की अक्षरं बारीक येतात?
तिनं माझ्याकडं बघितलं. आईनंही.
आईनं तिच्या डब्यात भरीत भरलं, वर दोन भाकरी ठेवल्या. म्हणाली, जा बाळा, येळच्या येळी जेव. उपाशी नगं राहूस. आन् बापाशी भांडू नगंस माज्यापायी.

११ सप्टेंबर
हंबीरराव दादा आले. दारातच उभे राहिले. आईनं चहा टाकते म्हटलं, तर म्हणाले, नको, आत्ताच झाला. म्हणाले, आक्का, माझं काय न्हाई ओ, पण पोरींचे आईबाप इचारत्यात. त्यात हा पितृपंधरवडा, नवीन काम धरायला नको.
पंधरवडा रविवारी, एकवीसला संपतो. मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवली. आईला म्हटलं, दहा दिवसांचाच प्रश्न आहे.
तेव्हा आई बोलली. आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलली असेल. म्हणाली, गप. तुला काय वाटतं, डबं कशानं तुटलं ते मला कळत न्हाई? बारा वर्सं मी आडनाव सांगितलं न्हाई. खोटं बोलले न्हाई. कुणी इचारलंच न्हाई. अर्ध्यांना ठावं आसंल, तेबी गप जेवायचे. तू न इचारताच सांगितलंस.
मी म्हणाले, मग काय जन्मभर लपून राहायचं? ती म्हणाली, लपलंय कोण? मी चुलीम्होरं बसले हुते.
आज कोडिंग झालं नाही.

१२ सप्टेंबर
विचार केला. चूक माझ्या प्रचाराच्या दिशेत होती. योग्य गिऱ्हाईक निवडायला हवं होतं. जाहिरात करताना वय, गाव, आवड निवडता येते. ‘माणूस’ असा पर्याय शोधला. नाही.

२४ सप्टेंबर
आठवण वाजून गेली. हंबीररावांचा फोन लागत नाही. वसतिगृहाबाहेर दुसऱ्याच मेसची पाटी लागलीय, ‘देशमुख बंधू, घरगुती जेवण’. जेवून आलेल्या मुली म्हणत होत्या, आमटी पाणचट आहे. तरी रांग होती.
मी आईला म्हटलं, पान काढून टाकते, आत्ता, या मिनिटाला. लॅपटॉप उघडलासुद्धा. आईनं झाकण लावलं. म्हणाली, आता हात लावायचा न्हाई. आता काढलंस तर लाजलो म्हणतील. तुज्या आज्याचं त्यात काय खोटं हाय?
पान तसंच आहे. डबे चार उरले. दोन आमच्याच समाजातल्या मुलांचे, ते पैसे द्यायचं विसरतात.

३ ऑक्टोबर
डबा बंद. आईनं पाटी स्वतः उतरवली आणि जळणात घातली. मला म्हणाली, चांगलं सागवान हुतं, धग देतंय बघ.
मी याला तात्पुरता विराम असं म्हणते. मोठमोठे व्यवसाय विराम घेतात.

१२ ऑक्टोबर, सांगली
चांगली बातमी, दोन.
एक. आम्ही दोघी इथं राहायला आलो, आईला पल्लवीताईंच्या खानावळीत स्वयंपाकाचं काम मिळालं. मार्केट यार्डातले हमाल, व्यापारी जेवायला येतात. पल्लवीताईंनी आईला स्पष्ट सांगितलं, मला काय फरक पडत न्हाई मावशी, तुमी फक्त आत ऱ्हावा. वाढायला बाहेर यायचं न्हाई. कुणी नाव इचारलं तर मावशी म्हणायचं. आई म्हणाली, व्हय.
दोन. माझं पहिलं खरं काम! सरांनी त्याच खानावळीची साईट मला दिली. पोर्टफोलिओत उपयोगी पडेल. ‘आमच्याविषयी’ हे पान त्यांना हवंच होतं. पल्लवीताईंच्या आजेसासूबाईंपासून चालत आलेली चव, असं लिहिलं. आजेसासूबाई काय करायच्या हे पल्लवीताईंना माहीत नाही, मी मनानंच थोडं घातलं. सर म्हणाले, आता हात बसला तुमचा.

१८ ऑक्टोबर, सांगली
फोटो काढले. मी कॅमेरा उघडायच्या आत आई चुलीपासून उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.
पल्लवीताई परातीपुढं बसल्या. पण त्यांची भाकरी फाटायला लागली. तीनदा फाटली. शेवटी आईनं बाजूनं हात घालून थापून दिली. फोटोत तेवढाच हात आला, पिठानं भरलेला. मी कापून टाकते म्हटलं. पल्लवीताई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे की, छान आलाय. कुणाचा हाय ते कुठं कळतंय?
तोच फोटो पहिल्या पानावर लावला. अकराला साईट सुरू केली. दुपारपर्यंत डब्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. एकानं लिहिलं, आईच्या हातची आठवण आली.
माझी पहिली यशस्वी साईट. आईला सांगायला धावत आत गेले. ती भाकरी उलटत होती. वर न बघताच म्हणाली, चांगलं झालं. पण तू अशी आत येत नगं जाऊस. लोक इचारतील, तुमी एकमेकींच्या कोण.
बाहेर आले. ऑर्डरी कन्फर्म केल्या.