हळदीला सहा गाणी

१७ नोव्हेंबर, रविवार

डोकं फिरलंय माझं. कारखान्यातल्या दीपकच्या पोरीचा बर्थडे होता, ओझरला. आमच्या तेजूला पियानोसकट घेऊन या, असं दीपकनंच सांगितलेलं. पियानो म्हणजे तो लांबडा कीबोर्ड, घरात आम्ही सगळे पियानोच म्हणतो. परीक्षेचा तो इंग्रजी पीस तेजूनं चार महिने घासलाय. तिनं सुरुवात केली आणि लोक निघाले पावभाजीकडे! बायका साड्यांवर बोलतायत, पोरं फुगे फोडतायत. तेजू मधेच थांबली, बटण बंद केलं आणि गाडीत जाऊन बसली. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाली — आता कुठंच वाजवणार नाही.

चौदा वर्षांची आहे. कालपर्यंत जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं चालायची तिची.

१९ नोव्हेंबर

पियानोवर ओढणी टाकून ठेवलीय. शिकवणीलाही गेली नाही. माणसं आहेत का कोण ही!

२४ नोव्हेंबर, रविवार

इगतपुरीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा फोन. तिच्या पोराची, ललितची हळद ७ तारखेला — भाची वाजवणार ना? मी हो म्हणून बसलो. शुभांगी उखडली. पोरीला पुन्हा तोंडघशी पाडाल, म्हणाली. बायको खोटं बोलत नव्हती. पण आता नाही वाजवलं तर ही पोर कधीच वाजवणार नाही, ही भीती मला जास्त.

मग सासरवाडीला आजवर कळू दिलं नाही ते तेजूला सांगून टाकलं. लग्नाआधी सहा वर्षं मी बेंजो पार्टीत होतो. हळदी, वराती, गणपती. ती बघतच राहिली. म्हटलं, अगं, अशा ठिकाणी ऐकायला कोणी येत नाही, नाचायला येतात. त्यांना ओळखीचं दे. आणि मुखडा तेवढाच वाजवायचा. अंतऱ्यात शिरलीस की माणूस पाणी प्यायला गेलाच समज.

हसली! आठवड्यात पहिल्यांदा. लय बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

यादीवरून भांडण. माझं प्रत्येक गाणं नापास — ह्यावर कोण नाचतं आता, पप्पा? आणि तिची गाणी मला एक माहीत असेल तर शपथ. सगळी मोबाइलमधली, सुरू होईस्तोवर संपतात. शेवटी तीन माझी, तीन तिची. माझ्यात एक कोळीगीत, एक लेझीमचं आणि एक जुनं हिंदी, ज्यावर म्हाताऱ्यासुद्धा खुर्चीत डोलतात. भांडता भांडता ओढणी कधी काढली तिचं तिलाच कळलं नाही.

३० नोव्हेंबर

पियानोच्या मॅडमना कळलं. असलं वाजवून हात बिघडेल म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, वाजवायचंच सोडलं तर बिघडायला हात राहील का? मग डाव्या हाताचा ठेका त्यांनीच बसवून दिला.

७ डिसेंबर, शनिवार. इगतपुरी

पहिल्याच मुखड्याला ललितचे मित्र उठले. दुसऱ्याला मावश्या. माझी छाती फुगली. आणि सहा मिनिटांत सहाही गाणी संपली! गाढव मी. वरात पुढं सरकेपर्यंत एकच मुखडा दहादा फिरवतात — हे सांगायचंच राहिलं! नाचणारे हात वर करून तसेच उभे. तेजू माझ्याकडे बघतेय, तोंड उतरलेलं.

तेवढ्यात सुमनताई हळदीच्या हातांनी पुढं आली आणि तिनं आपलं जात्यावरचं गाणं उचललं. ताईचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही. तेजूनं दोन पांढऱ्या चाचपल्या, एक काळी — आणि धरला की सूर! ताई थांबली, हसली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. एकेक करून बायका मिसळल्या. पाऊण तास मांडव हलला नाही. दाजी जेवायला बोलवून बोलवून दमले, मीही उठलो नाही. रडलो थोडा. पोरगी परत आली माझी.

९ डिसेंबर

सकाळी सातला पियानो सुरू. परीक्षेचाच पीस. कुकरच्या शिट्ट्या, शुभांगीची बडबड, तरी चालूच. सुटलो बाबा एकदाचा! शेवटी बेंजोनंच तारलं, असं शुभांगीला चारदा ऐकवलं.

१० डिसेंबर, मंगळवार

शाळेत सोडताना तेजूला विचारलं, हळदीत कुठलं गाणं भारी झालं? माझ्या तिनातलंच सांगेल वाटलं. गाण्याचं नावच घेतलं नाही तिनं. म्हणाली, "बर्थडेला लोक बोलत होते, त्याचं मला काही नव्हतं पप्पा. तुम्ही उठून प्लेट घ्यायला गेलात, म्हणून थांबले मी."

गेलो होतो. लाइन वाढत होती म्हणून.