अकरा हजार जणींचा सल्ला

३ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू संवाद लिहितेस तो मोबाइलवरचा खेळ मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत खेळते. एका नायिकेमागे चार जण, आणि मन कोणाला द्यायचं ते खेळणारीनं ठरवायचं. चष्म्याच्या काचा घासून डोळे शिणलेले असतात, तरी सोडवत नाही. तुझा कप्तान मात्र मला नजरेसमोर नको. दोन वाक्यांत तीनदा 'मी'. मला आपला घड्याळजी बरा. बोलतो कमी, पण तिला सर्दी झालीय हे आधी त्याच्याच लक्षात येतं. चाहत्यांच्या गटात असं लिहिलं, तर कप्तानवाल्या अंगावर धावून आल्या.

आता खरं कारण. चार वर्षांपूर्वी एक ओळही न लिहिता निघून गेला, तो परत आलाय. दुकानात आला, चष्म्याची दांडी मोडलीय म्हणाला, आणि मग माफ करून लग्न करशील का म्हणून विचारलं. महिनाअखेर सांगते म्हटलंय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आईबाबा गेल्यापासून विचारायला मला तू एकटीच. काय करू ते सांग, आणि हे आपल्या दोघींतच ठेव.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कप्तानाला नावं ठेवू नकोस, त्याच्यावर माझा पगार चालतो! बढाईखोर असला तरी निदान समोर उभा राहून भांडतो. तुझा घड्याळजी म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. असल्यांच्या मनातलं ओळखता ओळखता बाईचा जन्म जातो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देववत नाही. चुकलं तर जन्मभर माझ्या माथी. पंधरा दिवस दे. इकडे नवा भाग द्यायचाय, साहेब मानगुटीवर बसलेत. वेळेवर जेवत जा.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी छोटी

२७ फेब्रुवारी

छोटीस,

नवा भाग काल खेळले. घड्याळजी चार वर्षं नाहीसा होऊन परत येतो, तिच्या दुकानात, मोडका चष्मा घेऊन. आधी मला हसूच आलं, मग एकेक वाक्य पुन्हा वाचलं. पुढे खेळणाऱ्यांना प्रश्न टाकलायस, त्याला माफ करावं का. अकरा हजार जणींनी मत दिलंय. कुणी लिहिलंय नायिकेला कणाच नाही, कुणी लिहिलंय या वयात तिला दुसरा कोण मिळणार.

आज तुझं पत्र आलं, त्याला माफ कर म्हणून. दहातल्या सात जणींचं मत तेच आहे. त्यात तुझं कुठलं गं?

केसानं गळा कापलास. तू चुकीचा सल्ला दिला असतास तरी मी धाकटीचा म्हणून पदरात घेतला असता. जगाला विचारायचं असतं तर चव्हाट्यावर मीच जाऊन उभी राहिले असते.

तुझ्या उत्तराची वाट पाहून शेवटी परवा मीच त्याला होकार दिला. अठरा एप्रिलला नोंदणी कार्यालयात लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. एक त्याची बहीण, एक त्याचा मित्र. तिसरं नाव मी अर्जावर तुझं लिहिलं होतं. आज ते खोडून दुकानाच्या मालकीणबाईंचं घातलं.

प्रकृतीस जप.
ताई