ज्वारीच्या कडेची करडई

मी शरणप्पा, वाणिज्य पदवीधर, मेहकरचा शेतकरी. आजची पाहणी स्वतःपुरती नोंदवीत आहे. हरणांपासून ज्वारी वाचावी म्हणून कडेने काटेरी करडईच पेरण्याचा आग्रह माझा होता. पत्नीला बिनकाट्यांची हवी होती. त्यामुळे धाकधूक होती.

संध्याकाळी पाहिले: हरणांच्या खुरांचे ठसे करडईपर्यंत येऊन माघारी वळलेले. ज्वारी शाबूत. पुन्हा जाऊन ठसे निरखले. होय, माघारीच.

कोवळेपणी या करडईचीच पाने आम्ही भाजीला खुडली, तेव्हा काटा नव्हता. बोंडे धरतानाच काटे कसे येतात? वेळ कशी कळते?

मला हसताना पाहून पत्नी म्हणाली, "हसायलाव कामून? काढणीला त्या काट्यात मी न्हाई हात घालायची. तुम्हीच या!"

आनंदाने मान्य केले. जाड हातमोजे आणावेत.

शरणप्पा
मेहकर, १२ जानेवारी २०२५