कोल्बीची उजवी टाच

ओलीटा,

मी सुखरूप आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या संध्याकाळी आत कोंडतेस ना?

इथे मात्र माझं डोकं फिरलंय. शाळेच्या फुटबॉल संघात हाताने चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक दोन, आपला नातू कोल्बी आणि तो ट्रेंट. रोज सरावाला बसून मी दोघांचे पाय बघतो. ट्रेंट तीन पावलं मागे जातो, उजवा पाय घट्ट रोवतो आणि चेंडू कानाजवळून सोडतो. कोल्बी उजव्या पायावर भारच देत नाही. मग सगळा जोर हातावर येतो, कोपर खाली पडतं आणि चेंडू भरकटतो.

कोच म्हणतो, हाताची सवय वाईट. रोज शंभर जादा फेकायला लावतो. अरे आंधळ्या, दोष टाचेत आहे. काल मी पोराचा मोजा काढला. टाच काळीनिळी, टम्म सुजलेली.

"आजोबा, कोणाला सांगू नका," म्हणाला.

मी त्याच्या बापाला सांगितलं. आपला रॉयस म्हणतो, "बाबा, शुक्रवारचा सामना होऊ दे. आत्ता बोललात तर त्याची जागा जाईल."

"आणि पाय गेला तर?"

"तुमच्या वेळचं वेगळं होतं."

आज शुक्रवार. सामन्याला जाणारी संघाची बस चारला सुटते. कोल्बीचा उजवा बूट घेऊन मी गाडीत बसलोय, दारं आतून लावलीत. रॉयस काचेवर थापा मारतोय. डॉक्टरकडे नेतो म्हणेपर्यंत मी काच उतरवणार नाही.

त्याचा फोन आला तर त्याची बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
डेल्बर्ट